फ्रीझाचा डेथ बीम कागदावर आणि पडद्यावर कसा साकारावा

'ड्रॅगन बॉल झेड'मधील फ्रीझा हा खलनायक आपला सर्वांत जीवघेणा वार एका बोटाने करतो. तो हात मागे खेचत नाही, पाय रोवून उभा राहत नाही, वाराचे नाव पुकारत नाही. तर्जनी समोर धरतो आणि एक बारीक झोत समोरच्याच्या छातीतून आरपार निघून जातो. चाहते या वाराला 'डेथ बीम' म्हणतात. तो चित्रात किंवा छोट्या ॲनिमेशनमध्ये साकारू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे, आणि त्यातील बहुतेक सूचना एकाच निरीक्षणातून निघालेल्या आहेत: या वाराची भीती त्याच्या झगमगाटात नाही, तो करताना फ्रीझाला काहीच कष्ट पडत नाहीत यात आहे.

अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1984 ते 1995 या काळात जपानच्या 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या पुढच्या कथाभागावर आधारलेली 'ड्रॅगन बॉल झेड' ही तोएई ॲनिमेशनची मालिका 26 एप्रिल 1989 ते 31 जानेवारी 1996 या काळात फुजी टीव्हीवर 291 भागांत दाखवली गेली. आपल्याकडे अनेकांची तिच्याशी ओळख कार्टून नेटवर्कमुळे झाली. या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध शक्तिझोत म्हणजे नायक गोकूचा कामेहामेहा. दोन्ही तळवे कमरेशी आणायचे, ती पाच अक्षरे लांबवत उच्चारायची, तळव्यांमध्ये निळसर प्रकाश साठू द्यायचा आणि सर्वांगाच्या जोराने तो पुढे लोटायचा, अशी त्याची रीत आहे. त्यात प्रेक्षकाला मेहनत आणि निश्चय दिसतो. फ्रीझाचा वार या प्रत्येक बाबतीत उलटा आहे. त्यामुळे कामेहामेहा काढून हात बसलेला चित्रकार डेथ बीमकडे वळला की झोत जाड होतो, शरीर ताणले जाते, तोंड उघडते, आणि चित्रात कोणीही एक रागावलेला योद्धा उरतो.

काढण्यापूर्वी काय पाहावे

पेन्सिल हातात घेण्याआधी नामेक ग्रहावरच्या लढाईतील चार प्रसंग पुन्हा पाहावेत, आणि शक्य असल्यास प्रत्येक प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. पहिला प्रसंग डेंडेच्या मृत्यूचा. हा लहानगा नामेकवासी जखमींना बरे करतो हे फ्रीझाच्या लक्षात आलेले असते, आणि अंतिम रूप धारण केल्यावर तो सर्वांत आधी त्यालाच संपवतो. दुसरा व्हेजिटा या सैयन राजपुत्राचा. गोकूच्या रूपाने तो दंतकथेतला सुपर सैयन, म्हणजे सैयन वंशातला महायोद्धा, आता तुझ्यासमोर उभा आहे, असे व्हेजिटा फ्रीझाला ऐकवत असतो आणि त्या बोलण्याच्या मध्येच झोत त्याची छाती भेदून जातो. तिसरा पिकोलो या नामेकवंशी योद्ध्याचा, आणि चौथा याच्या नेमका विरुद्ध, जिथे गोकू तसलेच झोत एका हाताने उडवून लावतो.

या प्रसंगांत झोताकडे पाहणे सोपे आहे. खरे पाहायचे असते ते झोताच्या आधीचे आणि नंतरचे क्षण. व्हेजिटाच्या प्रसंगात वार होण्याआधी कोणताही इशारा मिळत नाही. बोलणारा बोलत असतो आणि वाक्य अर्धवट राहते. वार झाल्यावर फ्रीझाच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद फारसा नसतो. एक अडथळा दूर झाल्याचे समाधान तेवढे असते. आपल्या चित्रातला फ्रीझा कोणता भाव घेऊन उभा राहणार, हे येथे ठरते.

फ्रीझाच्या स्वभावाची थोडी माहिती हात चालवताना उपयोगी पडते. त्याचे सैन्य ग्रहांवरची वस्ती नष्ट करून ते ग्रह विकते, आणि जपानमध्ये जमिनींचे भाव भडकले होते त्या काळातले जमीन बळकावणारे दलाल या पात्रामागे होते, असे तोरियामा यांनी सांगितलेले आहे. मूळ जपानी मालिकेत र्‍युसेई नाकाओ यांनी त्याला आवाज दिला. पहिल्या रूपातला फ्रीझा अत्यंत सभ्य, आदरार्थी भाषेत बोलतो आणि हाताखालच्या झार्बोन व डोडोरियालाही सन्मानाने हाक मारतो. आपली शक्ती 5,30,000 असल्याचे तो नेल या नामेकच्या योद्ध्याला सांगतो तेही संथपणे, माहिती पुरवावी तसे. हा संथपणा हात, मान आणि पापण्यांच्या रेषेत उतरला पाहिजे.

शरीर आणि बोट

नवशिक्यांनी अंतिम रूपच निवडावे. ते लहानखुरे, गुळगुळीत आणि पांढरे आहे. डोक्यावर, खांद्यांवर, छातीवर, हातांवर आणि नडग्यांवर जांभळे चकचकीत भाग आहेत, डोळे लाल आहेत आणि मागे लांब शेपूट आहे. अंगावर शिंगे किंवा चिलखत नसल्यामुळे डोळा थेट चेहऱ्याकडे आणि हाताकडे जातो, आणि या वारासाठी आपल्याला तेच हवे असते.

शरीराचा कणा सरळ किंवा किंचित मागे झुकलेला ठेवावा. पुढे झुकलेले शरीर जोर लावत असल्यासारखे दिसते. खांदे खाली, सैल. झोत सोडणारा हात पूर्ण ताणू नये. कोपरात थोडा बाक राहू द्यावा. दुसरा हात अंगालगत सोडलेला किंवा छातीवर दुमडलेला चालतो, मात्र त्याची मूठ वळू नये. वळलेली मूठ दिसली की सगळा आविर्भाव बदलतो. शेपटीचे टोक तेवढे किंचित वर उचललेले असावे. संपूर्ण देहात हालचालीची शक्यता फक्त तिथे ठेवली की बाकीचे शरीर अधिक स्थिर वाटते.

आता बोट. या चित्रात सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. तर्जनी सरळ ठेवावी पण ताठ नको. शेवटच्या पेरात अगदी थोडा खालच्या बाजूला बाक असला की बोट सहज पुढे आलेले वाटते. मधले बोट अर्धे दुमडलेले, अनामिका आणि करंगळी त्याहून अधिक दुमडलेल्या, आणि अंगठा तर्जनीच्या मुळाशी हलकेच टेकलेला असावा. इतर बोटे तळव्यात घट्ट आवळली तर हात एखाद्याला दटावताना दिसतो. ती सैल राहिली तर हात दिशा दाखवताना दिसतो. फ्रीझाचा हात दिशा दाखवणारा आहे. आपला स्वतःचा हात आरशासमोर धरून ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ एक करून पाहिली की फरक लगेच कळतो, आणि आरशातल्या हाताचे पाच-सहा झटपट आराखडे काढून ठेवले तर पुढचे काम निम्मे होते.

दृष्टिकोन निवडताना अगदी समोरून काढण्याचा मोह होतो. समोरून पाहिले असता बोट जवळजवळ एका वर्तुळात आकसते, त्यामागे तळवा, त्यामागे चेहरा, असे तीन आकार एकमेकांवर येतात. हे साधले तर परिणाम जबरदस्त होतो, कारण वार वाचकावरच रोखलेला असतो. पण सुरुवातीला पाऊण बाजूचा दृष्टिकोन घ्यावा: चेहरा चित्राच्या डावीकडे वरच्या भागात आणि बोटाचे टोक मध्याच्या थोडे खाली उजवीकडे. त्यामुळे झोताला पळायला कागदाचा उरलेला कोपरा मिळतो, आणि डोळे, बोट व लक्ष्य एका तिरक्या रेषेत येतात.

झोताची जाडी हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, पण माझे मत ठाम आहे. टोकापाशी झोत बोटाच्या रुंदीच्या निम्म्याहून जाड असू नये. जाड झोत जाळतो, बारीक झोत भोसकतो, आणि डेथ बीम भोसकणारा आहे. झोत पाहणाऱ्यापासून दूर जात असेल तर यथादर्शनाच्या नियमाने तो आणखी बारीक होत जाईल. त्यासाठी आधी लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, ठरवून बोटाच्या टोकाच्या वरून आणि खालून त्या बिंदूकडे दोन फिकट रेषा आखाव्यात.

कागदावर: प्रकाश म्हणजे कोरी जागा

मांगा काळ्या-पांढऱ्यात छापली जाते, आणि कागदाच्या पांढऱ्यापेक्षा अधिक उजळ असे काही शाईने काढता येत नाही. म्हणून झोत काढायचा नसतो, तो राखायचा असतो. साहित्य साधेच पुरते: जाडसर कार्ट्रिज पेपर, एचबी आणि टूबी पेन्सिल, फूटपट्टी, जलरोधक काळी शाई, एक बारीक आणि एक मध्यम टोकाचे पेन, मोठ्या काळ्या भागांसाठी गोल ब्रश, आणि शेवटच्या दुरुस्तीसाठी कॅमलचा पांढरा पोस्टर कलर.

पेन्सिलीचा आराखडा पूर्ण झाल्यावर शाईची सुरुवात झोताभोवतीच्या गडद भागापासून करावी. झोताच्या दोन्ही कडा फूटपट्टीने आखाव्यात. फूटपट्टीची उतरती कड वरच्या बाजूला असेल तर पट्टीची धार कागदाला टेकते आणि तिच्याखाली शाई पसरते, म्हणून ती कड कागदाच्या बाजूला येईल अशी पट्टी उलटी धरावी. मग कडेपासून बाहेरच्या दिशेने काळे भरत जावे, पण सरसकट नाही. बोटाच्या टोकाजवळ काळे अगदी दाट असावे, आणि पुढे ते झोताला समांतर रेषांमध्ये विरळ होत जावे. या समांतर रेषा सुरुवातीला जाड आणि शेवटी केसाइतक्या बारीक झाल्या पाहिजेत. त्यासाठी पेन टेकवताना दाब द्यावा आणि हात वेगाने उचलत न्यावा. हात थांबला की रेषेच्या शेवटी ठिपका उमटतो आणि वेग तिथेच मरतो. वेगळ्या कागदावर ओळीने अशा रेषा ओढून हात मोकळा झाला की मगच मूळ चित्राला हात लावावा.

बोटाच्या टोकाशी वर्तुळाकार चमक हवी असेल तर मध्यबिंदूवर पेन्सिलीची हलकी खूण करून बाहेरून मध्याकडे रेषा ओढाव्यात आणि मध्यापूर्वी थांबावे. आतली कोरी जागा आपोआप चमकू लागते. या रेषांची लांबी समान नसावी. दोन-तीन लांब, मग काही आखूड, मध्येच एक रिकामी फट, असा क्रम ठेवला की प्रकाश जिवंत वाटतो.

तोरियामा टोनचा, म्हणजे राखाडी छटेसाठी चिकटवायच्या ठिपकेदार पट्ट्यांचा, वापर फार कमी करीत आणि स्वच्छ रेषा व कोऱ्या जागेवर भिस्त ठेवीत. आपणही तेच करावे. फ्रीझाचे शरीर पांढरे आणि झोतही पांढरा असल्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. त्यावर उपाय असा की बोट आणि मनगट यांच्या बाह्यरेषा नेहमीपेक्षा किंचित जाड ठेवाव्यात, आणि हाताच्या खालच्या बाजूला सावलीची एक काळी पट्टी घ्यावी. जांभळे भाग पूर्ण काळे करून त्यांत झोताच्या दिशेला एक धारदार कोरी फट ठेवली की ते चकचकीत दिसतात. पांढरा पोस्टर कलर अगदी शेवटी, आणि फक्त झोताची कड कुठे तुटली असेल तिथे वापरावा.

पडद्यावर: तीन सेकंदांचा हिशेब

हलत्या चित्रात या वाराचे मर्म वेळेच्या वाटपात आहे. दूरचित्रवाणीवरील ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र नसते. एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम टिकवले जाते. तीन सेकंदांच्या, म्हणजे 72 फ्रेमच्या दृश्यासाठी मी पुढील वाटप सुचवतो. त्यात 20 चित्रे लागतात, आणि सुट्टीच्या दिवसांत घरी बसून ती पूर्ण करता येतात.

पहिल्या 24 फ्रेम चेहरा स्थिर राहतो. सोळा फ्रेम एक चित्र, उरलेल्या आठ फ्रेम दुसरे, ज्यात फक्त बुबुळे लक्ष्याकडे वळलेली असतात. पुढच्या 6 फ्रेममध्ये हात वर येतो: तीन चित्रे, प्रत्येकी दोन फ्रेम. पहिल्या चित्रात हात खाली, दुसऱ्यात जवळजवळ वर, तिसऱ्यात जागेवर. पहिल्या आणि दुसऱ्या चित्रांतले अंतर मोठे आणि दुसऱ्या-तिसऱ्यातले लहान ठेवले की हात सहज येऊन थांबतो. त्यानंतर 12 फ्रेम हात हलत नाही आणि बोटाच्या टोकावर प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्यासाठी दोन-दोन फ्रेमची सहा चित्रे लागतात. पहिल्या चारांत ठिपका वाढतो आणि शेवटच्या दोनांत पुन्हा आकसतो. हे आकसणे विसरू नये, कारण पुढच्या क्षणी काहीतरी सुटणार हे प्रेक्षकाला त्यातूनच जाणवते.

43वी फ्रेम एकटीच वेगळी असते. तिच्यात रंग नाहीत. पार्श्वभूमी पूर्ण काळी, फ्रीझाची आकृती पांढऱ्या रेषेत आणि झोत अखंड पांढरा. एका फ्रेमपुरते हे उलटे चित्र डोळ्याला नीट दिसतही नाही, पण धक्का बसतो. 44 ते 47 या चार फ्रेममध्ये झोत पूर्ण लांबीचा असतो, आणि येथे मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळे चित्र हवे, ज्यात झोताची जाडी किंचित कमी-जास्त होते. झोत बोटापासून लक्ष्यापर्यंत हळूहळू पोहोचताना दाखवू नये. तो पोहोचलेलाच असतो. वार चुकवायला वेळच नव्हता, हे प्रेक्षकाला त्यामुळे पटते.

48 ते 55 या आठ फ्रेममध्ये दोन-दोन फ्रेमच्या चार चित्रांतून झोत विरतो. तो बोटाच्या बाजूने आधी तुटावा आणि लक्ष्याच्या बाजूला शेवटचा तुकडा उरावा. शेवटच्या 17 फ्रेम काहीही घडत नाही. हाताचे तिसरे चित्र तसेच राहते, बोट अजून समोर आहे, चेहरा बदललेला नाही. हौशी ॲनिमेशनमध्ये नेमका हाच भाग कापला जातो, कारण झोत संपला की काम संपले असे वाटते. या स्थिर फ्रेम ठेवल्या नाहीत तर फ्रीझाचा थंडपणा दिसायला जागाच उरत नाही.

लक्ष्य झालेल्या व्यक्तीचे दृश्य वेगळे घ्यावे. तिथे झोत येऊन गेल्यावर सात-आठ फ्रेम शरीर तसेच उभे राहू द्यावे आणि मग डोळे मोठे व्हावेत. जखमेतून रक्ताचे फवारे उडवण्याची गरज नाही. कपड्याला पडलेले छिद्र आणि त्यातून पलीकडचे दिसणारे आकाश अधिक बोलते.

चमक, रंग आणि नामेकचे आकाश

संगणकापूर्वीच्या काळात ॲनिमेतली अशी चमक रंगाने रंगवलेली नसे. चित्र एकदा फिल्मवर टिपले जाई, मग तीच फिल्म मागे घेऊन, झोताच्या आकाराची फट ठेवलेल्या काळ्या झाकणीखालून दिव्याचा प्रकाश सोडून दुसऱ्यांदा टिपले जाई. फटीवर रंगीत जिलेटिन आणि भिंगापुढे प्रकाश पसरवणारा फिल्टर लावला की कडा धूसर होत. म्हणजे त्या झोतात खराखुरा प्रकाश चित्राच्या वर मिसळलेला असे. ही रीत लक्षात ठेवली की संगणकावर काय करायचे ते वेगळे शिकावे लागत नाही.

क्रिता हा मोफत प्रोग्राम यासाठी पुरेसा आहे. त्यात ॲनिमेशनची मांडणी निवडून टाइमलाइन आणि ओनियन स्किन उघडावे, म्हणजे आधीचे आणि नंतरचे चित्र फिकट दिसत राहते. झोतासाठी तीन लेयर घ्यावेत. सर्वांत वर पांढरा गाभा, कडा धारदार. त्याखाली तोच आकार थोडा जाड, फिकट गुलाबी रंगात, हलका गॉसियन ब्लर देऊन. सर्वांत खाली आणखी रुंद आकार, जांभळट गुलाबी रंगात, भरपूर ब्लर देऊन. खालच्या दोन्ही लेयरना 'ॲडिशन' हा ब्लेंडिंग मोड द्यावा, म्हणजे खालच्या रंगात प्रकाशाची भर पडते, जशी ती फिल्मवर पडत असे. गाभ्याला ब्लर देऊ नये. गाभा धूसर झाला की झोत धुरासारखा दिसू लागतो. त्याभोवती काळी बाह्यरेषाही नको.

मालिकेत या झोताचा रंग प्रत्येक वेळी एकसारखा नाही, पण जांभळट गुलाबी छटा फ्रीझाशी घट्ट जोडली गेलेली आहे आणि तीच घ्यावी असे मला वाटते, कारण नामेकचे आकाश हिरवे आहे. हिरवा आणि जांभळट गुलाबी हे रंगचक्रावर समोरासमोरचे रंग आहेत, त्यामुळे बारीक झोतही त्या आकाशावर उठून दिसतो. सुरुवातीसाठी गुलाबीकरिता लाल 255, हिरवा 170, निळा 235, आणि बाहेरच्या छटेकरिता लाल 200, हिरवा 40, निळा 190 ही मूल्ये घेऊन पाहावीत. नामेकला तीन सूर्य असल्यामुळे तिथे रात्र होत नाही आणि आकाश उजळ असते. उजळ आकाशावर प्रकाश उठत नाही, म्हणून ठिपका दिसू लागल्यापासून पार्श्वभूमीवर एक गडद हिरवा लेयर हळूहळू चढवत न्यावा आणि झोत विरताना तो उतरवावा.

फ्रीझाच्या पांढऱ्या अंगावर या प्रकाशाची झळाळी पडणारच. हाताच्या आतल्या बाजूला, हनुवटीखाली आणि बोटाकडच्या गालावर गुलाबी कड द्यावी, आणि जांभळ्या चकचकीत भागांवर छोटे, तीक्ष्ण, जवळजवळ पांढरे ठिपके ठेवावेत. डोळ्यांत प्रकाश घालू नये.

आवाज जोडायचा असेल तर वारापूर्वीची अर्धा सेकंद शांतता सर्वांत महत्त्वाची. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये 'चर्प' या सोयीने 3000 हर्ट्झपासून 400 हर्ट्झपर्यंत झपाट्याने उतरणारा, सेकंदाच्या पाचव्या भागाइतका स्वर तयार करावा आणि तो 43व्या फ्रेमवर बसवावा. मोठ्या स्फोटाचा आवाज या वाराला शोभत नाही.

डेथ बॉल काढायचा असेल तर

फ्रीझाचा दुसरा ओळखीचा वार म्हणजे बोटावर तोललेला ऊर्जेचा गोळा. नामेकचा गाभा उद्ध्वस्त करायला तो असाच गोळा जमिनीत सोडतो. स्फोटात आपणच सापडू नये म्हणून जोर आवरता घेतो, ग्रह तत्काळ फुटत नाही, आणि तो पाच मिनिटांची मुदत जाहीर करतो. मालिकेत ती पाच मिनिटे कित्येक भाग चालतात.

येथेही एकच बोट, पण वर केलेले, आणि वेळेचा हिशेब पूर्ण उलटा. गोळा सावकाश वाढावा, किमान चार सेकंद. प्रकाश वरून येत असल्यामुळे फ्रीझाच्या डोक्याचा वरचा भाग आणि खांदे उजळतील, डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग अंधारात जाईल. गोळ्याचा प्रचंडपणा गोळा मोठा काढून दिसत नाही. क्षितिज खाली घ्यावे, फ्रीझा लहान काढावा, आणि दूरच्या टेकड्यांच्या फक्त गोळ्याकडच्या कडा उजळाव्यात. बोट आणि गोळा यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी. गोळा बोटाला टेकला की त्याला वजन येते.

प्रसिद्ध करण्यापूर्वी

16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ते दृश्यही एका विद्युत्-वाराचेच होते. प्रकाशाचे वार काढणाऱ्या प्रत्येकाने ही घटना गांभीर्याने घेतली पाहिजे. आपल्या दृश्यात कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा अधिक लखलखाट नसावेत, आणि लाल रंगाचा पूर्ण पडदाभर लखलखाट मुळीच नसावा. वर सुचवलेल्या वाटपात उलटी फ्रेम एकच आहे, ती याही कारणाने. फ्रीझाने लागोपाठ झोत सोडलेले दाखवायचे असतील तर प्रत्येक झोतासाठी ती उलटी फ्रेम वापरू नये. पहिल्यालाच वापरावी आणि पुढचे झोत पार्श्वभूमी न बदलता काढावेत.

पात्र आणि वार यांचे हक्क मूळ निर्मात्यांकडे आहेत, म्हणून चाहत्याची कलाकृती म्हणून ती तशी नोंद करून मांडावी आणि तिची विक्री करू नये. सरावाच्या पुढच्या टप्प्यावर वेळेचे हेच वाटप आपल्या स्वतःच्या खलनायकासाठी वापरता येते. फक्त त्याचे शरीर कुठून आणि किती कमी हलते ते नव्याने ठरवावे लागते.

क्रितामधून 'रेंडर ॲनिमेशन' या आज्ञेने फाइल बाहेर काढताना वेग 24 फ्रेमच राहिला आहे ना, ते तपासावे. मग ती मोबाइलवर, पडद्याचा उजेड कमी करून, हात लांब ठेवून पाहावी, कारण बहुतेक लोक ती तशीच पाहणार आहेत. त्या लहान पडद्यावर झोत हरवत असेल तर त्याची जाडी वाढवू नये, पार्श्वभूमी आणखी गडद करावी.